लांबीखाली झाकलेली चोरी

बैठकीच्या खोलीतील भिंतीवरचा जुना रंग तीन-चार ठिकाणी तळहाताएवढा सुटला होता. आतला गिलावा शाबूत होता. ठोकून पाहिल्यावर पोकळ आवाज येत नव्हता आणि ओलही नव्हती. काम वरवरचेच होते, आणि अशाच कामात फसवणूक सहज खपून जाते, हे मला फार उशिरा कळले.

सुटलेला रंग खरवडणे, कडा घासणे, प्रायमर (पुढचा थर घट्ट धरावा म्हणून द्यायचे अस्तर), लांबीचे म्हणजे भिंत सपाट करणाऱ्या पुट्टीचे दोन हात, पुन्हा प्रायमर आणि शेवटी रंगाचे दोन हात, असे सगळे ठेकेदाराने तोंडी कबूल केले होते. “धूळ फार उडेल, तुम्ही घरात थांबू नका,” असे त्याने आपुलकीने सुचवले आणि मी ते मानले. संध्याकाळी परतलो तेव्हा भिंतीवर लांबी ओढून झाली होती आणि फरशी लख्ख होती. घासकाम झालेल्या खोलीत दाराच्या चौकटीवर आणि पंख्याच्या पात्यांवरही पिठासारखी धूळ बसते. तिथे नुसते बोट फिरवले असते तरी सगळे उघड झाले असते. पुढे रंग झाला, भिंत देखणी दिसली आणि मी पूर्ण रक्कम चुकती केली.

दोन महिन्यांत त्याच जागी फुगे आले. एक पोपडा नखाने उचलला, तर तो पोस्टकार्डाएवढा अखंड सुटून हातात आला. त्याच्या पाठीला लांबीचा पांढरा थर होता आणि त्या थराला जुन्या रंगाचे निळे पापुद्रे चिकटलेले होते. म्हणजे खरवडणे झालेच नव्हते. सुटलेल्या रंगावरच लांबी ओढली होती. लांबी कितीही चांगली असली तरी खालचा थर जेवढा घट्ट, तेवढीच ती टिकते. उघड्या पडलेल्या गिलाव्यावर बोट फिरवले तर भुकटी लागत होती, त्यामुळे प्रायमरचा पहिला हातही वगळला असणार, याविषयी मला शंका उरली नाही. ठेकेदाराने आधी ओलीचे कारण दिले, नंतर फोन घेणे बंद केले.

म्हणून कळकळीने सांगतो, लांबी लावण्यापूर्वीची भिंत स्वतः पाहिल्याशिवाय पुढचे काम सुरू करू देऊ नका, कारण नंतर पुरावा झाकला जातो. खरवडलेल्या जागेची कड खरवडण्याच्या पत्र्याने उचलली जाता कामा नये. तिथे चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढावी. तिला रंग लागून आला तर आणखी खरवडायला हवे. जुना रंग आणि उघडा गिलावा यांच्यामधली पायरी पॉलिश पेपरने इतकी उतरलेली असावी की डोळे मिटून हात फिरवला तर ती जाणवू नये. धूळ ओल्या फडक्याने पुसून भिंत वाळल्यावरच प्रायमर लावावा, लांबीचे हात पातळ असावेत आणि पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. लांबी घासून झाल्यावर अंधारात विजेरी भिंतीला लगटून धरावी. समोरून न दिसणारे उंचवटे तिरप्या उजेडात लगेच दिसतात. पैसेही याच टप्प्यांनुसार द्यावेत, आणि टप्पे कागदावर लिहून घ्यावेत.

आता नव्या रंगाऱ्याकडून ती भिंत पुन्हा खरवडून घेतो आहे, आणि या वेळी काम चालू असताना मी खोलीतच थांबतो.