क्रेडिट ट्रान्सफर झालं, पण शिक्क्याने छळलं

लेक लग्न होऊन डॅलसला गेली तेव्हा तिचं बी.कॉम. दोनच वर्षं झालेलं, आता तिने वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीत अकाउंटिंगला अ‍ॅडमिशन घेतलीय, 1997 ची ती ऑनलाइनवाली, सहा महिन्यांची एकच ठरलेली फी आणि तेवढ्यात जमतील तितके विषय उरका. येतंय ना, मग परीक्षा द्या नि पुढे व्हा. मार्क वगैरे नाहीत, पास की नापास एवढंच. मला तर पद्धत जाम आवडली.

पण क्रेडिट ट्रान्सफर, म्हणजे इकडे पास झालेले जुने विषय तिकडे धरायचे तर इकडच्या मार्कशीटचं आधी तिकडच्या एजन्सीकडून विषयवार मूल्यमापन लागतं, आणि ते काम बडोद्यात माझ्या गळ्यात. दांडिया बाजारातून कॉलेजला चार चकरा. मार्कशीटचं पाकीट बंद करून झाकणाच्या जोडावरच शिक्का हवा होता, क्लार्कभाईंनी मारला पत्त्यावर! मी म्हटलं अहो झाकणावर, तर म्हणे "काका, चालशे". नाही चाललं. एजन्सीने परत पाठवलं, कुरियरचे पैसे गेले, दीड महिना गेला.

शेवटी इंग्रजी, इकॉनॉमिक्स वगैरे धरले. टॅक्सचा पेपर नाही धरला, बरोबरच आहे म्हणा, आपला इन्कम टॅक्स तिकडे कुणाला हवाय. दोन विषय तिने टर्म सुरू व्हायच्या आधीच सोफिया नावाच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर महिन्याच्या फीत उरकून तेही जोडून घेतले, पोरगी हुशार आहे.

युनिव्हर्सिटीला चार स्टार. त्या शिक्क्याला शून्य.