आठ महिने, एक बॉल आणि एकच भोक

हा रिव्ह्यू मी दुसऱ्यांदा लिहितोय. पहिला ऑगस्टमध्ये लिहिला होता, पाच तारे देऊन आणि वर 'पैसा वसूल' असं ठोकून. तो वाचून कुणी आपल्या कुत्र्यासाठी हा बॉल घेतला असेल तर आधी उठा, बॉल हातात घ्या आणि भोकं मोजा. एकच असेल तर कपाटात टाका. बाकीचं नंतर सावकाश वाचा.

बॉल कुठला ते ओळखालच. निळा, पोकळ रबर, साडेसात सेंटिमीटरचा, खाऊ भरायला एक भोक, खोक्यावर दात दाखवणारा जर्मन शेफर्ड. एक घेतला तर ६४९, दोन घेतले तर ९९९. मी अर्थातच दोन घेतले.

आमचा खंड्या साताऱ्याचा. बाप लॅब्राडोर, आई गल्लीतली. वय तीन, वजन २६ किलो. हा बॉल येण्याआधी त्याने काय काय संपवलं त्याचा हिशेब माझ्याकडे आहे. कापसाचं बदक अकरा मिनिटांत फाडलं आणि त्यातली शिट्टी बायकोने त्याच्या जबड्यातून काढली. मग दोरीचं खेळणं आणलं. पावसाळ्यात ते कधी वाळलंच नाही, घरभर ओल्या पोत्याचा वास. वर त्याचे धागे शीतून यायला लागले तेव्हा डॉक्टरांनी बंद करायला लावलं. लांब धागा एका टोकाला अडकला तर आतडं त्यावर नाडीसारखं गोळा होतं आणि कापतं, म्हणाले. त्या दिवशी दोरी कचऱ्यात गेली.

टेनिस बॉल फुकट मिळायचे. समोरच्या मैदानात पोरं क्रिकेट खेळतात आणि खंड्याची फिल्डिंग चांगली आहे. "काका, बॉल!" अशी हाक आली की चार परत द्यायचे, पाचवा राहायचा. त्यावरही डॉक्टरांनी पाणी ओतलं. खंड्याचा ओठ वर करून सुळे दाखवले, टोकं गोल झालेली. बॉलवरच्या लवेत माती-वाळू अडकते आणि कुत्रं चघळत बसलं की ते दातांवर पॉलिश पेपर घासल्यासारखंच होतं. फेकायला चालेल, चघळायला नको. शिवाय लॅबसारख्या जबड्यात तो दाबला की चपटा होतो आणि मागे सरकतो. बॉल इतका मोठा हवा की मागच्या दाढांच्या पलीकडे जाताच कामा नये.

म्हणून हा निळा बॉल. पहिले दोन महिने मी याच्या प्रेमात होतो, हे कबूल करतो. नखाने दाबलं की खूण पडते, म्हणजे दात तुटण्याइतका कडक नाही. हाडं, शिंगं, खूर यांवर कुत्र्याची वरची मोठी दाढ चिरते म्हणतात, ती भीती इथे नव्हती. रंगाचं तर मला फारच कौतुक. कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो, लाल-हिरवा नाही. हिरव्या गवतात पोरांचा लाल बॉल तो नाकाने शोधत बसतो, हा मात्र डोळ्याने बघून सरळ उचलतो. मी दहा-दहा वेळा फेकून पाहिलं. बायको म्हणाली, तुला दुसरं काम नाही का. आत दहीभात भरून रात्री फ्रीझरमध्ये ठेवायचा, सकाळी दिला की अर्धा तास घर शांत. पाच तारे त्या शांततेचे होते.

मग नोव्हेंबरातला एक रविवार.

दहीभात संपत आला होता आणि तळाचं चाटायला खंड्याने जीभ पूर्ण आत घातली. बॉल जबड्यात दाबला, आतली हवा बाहेर गेली, जबडा सैल केला तसा बॉल फुगून परत गोल व्हायला निघाला. आत हवा जायला वाट कुठे? एकच भोक आणि त्यात जिभेचं बूच. लहानपणी आपण स्टीलचा पेला तोंडाला लावून हवा ओढायचो आणि हनुवटीवर लाल गोल उठायचा, तसंच. फक्त इथे जीभ आत ओढली गेली, सुजली आणि सुजल्यामुळे आणखी घट्ट बसली. खंड्या तोंडाला बॉल लटकवून घरभर पळतोय, लाळ गळतेय, आवाज असा की आई देवघरातून उठून आली. मी धरून ओढला. अजिबात ओढू नका. तो असा किंचाळला की माझेच हात गळाले.

डॉक्टर फोनवर म्हणाले, "अहो, ओढताय कशाला? आत हवा जाऊ द्या. घरात स्ट्रॉ आहे का?" शहाळ्याचा एक स्ट्रॉ ड्रॉवरमध्ये निघाला. आईने डोकं धरलं, बायकोने गोडं तेल लावून स्ट्रॉ जिभेच्या कडेने हळूहळू आत सरकवला. फुस्स. बॉल जमिनीवर. सगळं मिळून सहा-सात मिनिटं. जीभ जांभळी झाली होती. तसंच गाडीत घालून दवाखान्यात नेलं, सुजेचं इंजेक्शन, दोन दिवस पातळ पेज. खर्च १,४५०. म्हणजे बॉल मला पडला २,४४९ ला, दोन असले तरी.

डॉक्टरांना नवल वाटलं नाही याचंच मला नवल वाटलं. २००८ मध्ये अमेरिकेत असाच एका भोकाचा, आत घुंगरू असलेला बॉल कंपनीला बाजारातून परत घ्यावा लागला होता. एका कुत्र्याची जीभ अडकून शेवटी कापावी लागली होती. म्हणजे ही गोष्ट धंद्यातल्या लोकांना ठाऊक आहे. तरी माझ्या बॉलला २०२५ मध्ये एकच भोक. दुसरं पाडायला किती पैसे लागतात हो?

हेच मी कस्टमर केअरला विचारलं. पहिलं उत्तर: परत करायची मुदत दहा दिवस होती. दुसरं: 'खेळणे देखरेखीखाली वापरावे.' मी लिहिलं की तीन माणसं देखरेखीला होती, एक तर माळ जपत होती. तिसऱ्या वेळी ५० रुपयांचं कूपन आणि रिव्ह्यू बदलाल का अशी विनंती. बदलतोच आहे.

खोक्यावरच्या 'नॉन-टॉक्सिक, फूड ग्रेड, १०० टक्के सुरक्षित' यालाही मी भुललो होतो. पुतणीच्या खेळण्यांवर आयएसआय शिक्का असतो म्हणून याच्यावर शोधला. नाही. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो शिक्का सक्तीचा आहे, पण तो आदेश चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी. खंड्या चौदाच्या बराच खाली असला तरी त्यात बसत नाही. तेव्हा खोक्यावर जे लिहिलंय तो विकणाऱ्याचा शब्द, त्यापलीकडे काही नाही.

आता माझा शहाणपणा ऐका. दोन बॉल, ९९९ रुपये, फेकून कसे देणार? दुसरं भोक मीच पाडायचं ठरवलं. तापवलेल्या सुईने घरभर टायर जळल्याचा वास आणि आईची बोलणी. ड्रिल लावलं तर रबर नुसतं ताणलं जाई आणि बिट काढली की भोक मिटून जाई. शेवटी बॉल रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला आणि सकाळी ८ एमएमची बिट घातली. पडलं भोक, पाच-सहा एमएमचं का होईना. माझी जीभ नको म्हणून अंगठ्याने मोठं भोक बंद करून बॉल दाबून पाहिला, अंगठा ओढला जाईना. डिसेंबरमध्ये मी इथे चार तारे देणार होतो, 'थोडी दुरुस्ती करून उत्तम' असं शीर्षकसुद्धा सुचलं होतं.

बरं झालं आळस केला. पाच आठवड्यांत माझ्या भोकापासून चीर निघाली आणि जानेवारीत खंड्याने तिथूनच सुपारीएवढा तुकडा तोडला. तो गिळायच्या आत सापडला. डॉक्टरांना सांगितलं तर ते काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. तर ड्रिलची आयडिया कुणी करू नका.

शेवटी काँग कंपनीचं पोकळ रबरी खेळणंच घेतलं, जे मी महाग म्हणून तीन वर्षं टाळत होतो. हजाराच्या वर गेलं, मला अजून टोचतंय. त्याची गोष्ट मात्र मजेशीर आहे. कोलोरॅडोतल्या जो मार्कहॅम नावाच्या माणसाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात खराब करत होता. फोक्सवॅगनच्या गाडीचा एक रबरी भाग कुत्र्याने दगड सोडून पकडला, त्यावरून १९७६ मध्ये हे खेळणं निघालं. मला कौतुक त्याचं नाही. खाली मोठं भोक आणि वर टोकाला एक छोटं, हवा जायला, याचं आहे. तोट्याची गोष्ट एकच, त्या छोट्या भोकातून दही गळतं आणि सोफ्याला लागतं. मी बायकोला सांगितलं, गळू दे.

आता दुकानात गेलो की मी आधी भोकं मोजतो. शेजारच्यांनी पिल्लाला बॉल आणला तोही माझ्याकडे तपासायला आला होता. दोन होती, पण बॉल लिंबाएवढा, म्हणून परत पाठवला.

निळ्या बॉलला तारे दोन. एक रंगासाठी, एक पहिल्या दोन महिन्यांसाठी. कॉम्बोतला दुसरा अजून धड आहे. बायकोने तो शिवणाच्या टेबलावर जुन्या बांगडीत बसवलाय आणि त्यात कात्री उभी करून ठेवते. त्या कामाला एक भोक पुरतं.