गावाकडच्या काउंटीत जागा घेताय? रिस्क इंडेक्स, फ्लड मॅप की काउंटीचा प्लॅन?

अमेरिकेत शहरापासून लांबच्या काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात) घर किंवा जमीन घ्यायची तर पूर, टॉर्नेडो, वणवा यांचा धोका किती हे सांगणाऱ्या तीन गोष्टी फुकट मिळतात, आणि गंमत अशी की एकाच जागेबद्दल तिन्ही वेगवेगळं बोलू शकतात.

फेमा या अमेरिकेच्या सरकारी आपत्ती व्यवस्थापन संस्थेचा नॅशनल रिस्क इंडेक्स सगळ्यात सोपा, काउंटी निवडली की १८ आपत्तींचं रेटिंग समोर. बरेच जण इथेच थांबतात आणि इथेच फसतात, कारण या रेटिंगचा पाया आहे वर्षाला सरासरी किती डॉलरचं नुकसान अपेक्षित आहे तो आकडा (माणसाच्या जिवाचीही त्यात डॉलरमध्येच किंमत लावतात, असो). आता जिथे घरंच मोजकी तिथे नुकसान होऊन होऊन होणार किती, म्हणून विरळ वस्तीच्या काउंट्या खाली जातात आणि लॉस एंजेलिस काउंटी सगळ्यात वर. ‘व्हेरी लो’ दिसलं म्हणजे तुमचं घर सुरक्षित असं नाही, तिथे बुडायला फारसं काही नाही इतकाही त्याचा अर्थ असू शकतो. त्याच डेटात नुकसानाचा दर असतो, म्हणजे आहे त्या मालमत्तेच्या मानाने नुकसान किती, बघायचंच तर तो बघा. वणव्यापुरतं सरकारी वनखात्याचं (फॉरेस्ट सर्व्हिस) ‘वाइल्डफायर रिस्क टू कम्युनिटीज’ हे संकेतस्थळ जास्त कामाचं, कारण त्यात इथे घर असतं तर काय झालं असतं असाही हिशोब केलेला आहे.

फेमाचाच फ्लड मॅप थेट तुमच्या प्लॉटवर बोलतो. ए किंवा व्ही झोन म्हणजे दरवर्षी पुराची किमान १ टक्का शक्यता, ऐकायला किरकोळ, पण ३० वर्षांच्या लोनमध्ये तेच साधारण २६ टक्के होतं. फक्त गावाकडे हे मॅप कच्चे असतात, ओढ्याकाठी ए झोन रंगवलेला पण पाणी किती फुटांपर्यंत चढेल तो आकडाच नाही, आणि डी झोन म्हणजे तर अभ्यासच झालेला नाही. एक्स झोनवर (म्हणजे या १ टक्क्याच्या पट्ट्याबाहेरच्या जागेवर) पण निर्धास्त राहू नका, ढगफुटीसारखा पाऊस पडून साचणारं पाणी हा मॅप धरत नाही. २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन चक्रीवादळाने नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागात दाणादाण उडवली तेव्हा तिथे फ्लड इन्शुरन्स असलेली घरं फारच थोडी होती.

काउंटीचा हॅझर्ड मिटिगेशन प्लॅन, म्हणजे आपत्तींचं नुकसान कमी करायचा आराखडा, वाचायला कंटाळवाणा, बरीच पानं साच्यातली, दर ५ वर्षांनी अपडेट करावा लागतो एवढं बरं. पण कुठला रस्ता पाण्याखाली जातो, वर कुठलं धरण आहे हे यातच सापडण्याची शक्यता जास्त. धरणापुढे ‘हाय हॅझर्ड’ लिहिलं असेल तर ते मोडकळीला आलंय असं नाही, फुटलं तर खाली माणसं मरतील असा त्याचा अर्थ. जुन्या टॉर्नेडो-गारपिटीच्या नोंदी मात्र कमीच धरा, बघायला माणूस नसला की नोंद कोण करणार!

दोन काउंट्यांत निवडायचं असेल तर इंडेक्स, तोही नुकसानाच्या दरासकट. प्लॉट ठरला असेल तर आधी मॅप, मग प्लॅन, आणि सही करायच्या आधी फ्लड इन्शुरन्सचा कोट मागवा, कारण २०२१ पासून सरकारी पॉलिसीचा हप्ता झोनवर नाही तर त्या घराच्या पाण्यापासूनच्या अंतरावर, उंचीवर वगैरे ठरतो. आणि लोनसोबत घेतली नाही तर पॉलिसी लागू व्हायला साधारण ३० दिवस लागतात, तेवढे हातात ठेवा.