गोडॉक्स टीटी६०० घेण्याआधी कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा गोल ठिपका बघा

सीएसएमटीतून बाहेर पडून डी. एन. रोड ओलांडला की बोरा बझारची गल्ली लागते. तिथे कुठल्याही दुकानात जाऊन “पहिलाच फ्लॅश घेतोय, बजेट कमी आहे” म्हणा, काउंटरवर बहुधा गोडॉक्सचा टीटी६०० येतो. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. हा फ्लॅश कोणत्या कॅमेऱ्यावर पेटणारच नाही, कॅमेऱ्यावर लावून काय जमत नाही आणि खाली काढला की काय जमतं, हे खोक्यावर मोठ्या अक्षरात कोणी छापत नाही.

पहिली गोष्ट पायाची. टीटी६०० च्या पायाला एकच पिन आहे, मधली. शटर उघडलं की कॅमेरा त्या पिनमधून “आता पेट” एवढंच सांगतो. बाकी संभाषण शून्य. म्हणून कॅनन, निकॉन, फुजी अशा बहुतेक कॅमेऱ्यांवर तो चालतो. सोनीचा पाया वेगळा, त्यासाठी टीटी६००एस मागायचा. खरी मेख कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ मध्ये आहे. या तिघांच्या हॉट शूमध्ये, म्हणजे डोक्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेत, मधला गोल ठिपकाच नाही, कॅननने तो काढून टाकला. आपल्याकडे पहिला कॅमेरा म्हणून १५००डी घराघरांत गेलाय, आणि त्यावर टीटी६०० नुसता बसतो, पेटत नाही. मग गिऱ्हाइकाला वाटतं फ्लॅशच खराब निघाला. अशा कॅमेऱ्याला कॅननसाठीचा टीटीएल फ्लॅश (लेन्समधून आलेला उजेड मोजून ताकद स्वतःच ठरवणारा) घ्यावा, म्हणजे टीटी६८५ मार्क २ चं ‘सी’ मॉडेल. टीटी६०० आधीच घेऊन बसला असाल तर कॅमेऱ्याचा स्वतःचा छोटा फ्लॅश उघडा, टीटी६०० बाजूला ठेवा आणि त्याला एस२ मोडवर टाका. छोट्या फ्लॅशचा उजेड बघून तो पेटतो. एस१ ठेवलात तर तो कॅमेऱ्याच्या आधीच्या चाचणी-चमकेलाच पेटून मोकळा होतो आणि फोटो काळा येतो. एस२ ती पहिली चमक सोडून देतो.

खोक्यावर ६० हा गाईड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, असतो. तो मीटरमध्ये, आयएसओ १०० ला आणि फ्लॅशचा झूम २०० वर असताना. गाईड नंबर भागिले अंतर म्हणजे अ‍ॅपर्चर, म्हणजे दहा मीटरवर एफ ६. पण २०० च्या झूमला उजेड नळीतून सोडल्यासारखा चिंचोळा पडतो, घरातल्या फोटोला त्याचा उपयोग नाही. ३५ किंवा ५० वर आणला की आकडा बराच खाली येतो. लक्षात ठेवण्यासारखं एवढंच: ताकद चौथाई केली की गाईड नंबर निम्मा, आयएसओ चौपट केला की दुप्पट. आणि या फ्लॅशला लेन्सचा पत्ता नसल्यामुळे झूम हातानेच बदलावा लागतो. मधोमध पांढरा गोळा आणि कडेला अंधार असा ग्रुप फोटो आला, तर झूम २०० वर राहून गेलाय असं समजा.

आता बाउन्स. फ्लॅशचं तोंड सरळ माणसावर धरलं की नाक-कपाळ चमकतं आणि मागच्या भिंतीवर कडक सावली पडते, म्हणून छतावर मारायचा. टीटी६०० चं डोकं वर ९० अंश जातं आणि आडवंही फिरतं, त्यामुळे कॅमेरा उभा धरला तरी छत सापडतं. मुंबईत अडचण छताचीच. दहा बाय बाराच्या चाळीतल्या खोलीत भिंती पोपटी नाहीतर निळ्या ऑइलपेंटच्या असल्या तरी छत बहुतेकदा चुन्याचं पांढरं असतं, ते उत्तम. पण तिथे माळा असतो. माळ्याखाली उभं राहून फ्लॅश वर केला तर उजेड लाकडी फळ्यांवर आपटून तपकिरी होऊन खाली येतो आणि सगळे काविळीचे पेशंट दिसतात. दोन पावलं पुढे, उघड्या छताखाली या.

अशा खोलीत सुरुवात अशी करा: शटर १/१६०, एफ ४, आयएसओ ४००, फ्लॅशची ताकद १/८, झूम ५०. डोकं माणसाच्या अगदी वर न रोखता किंचित आपल्या मागे झुकवा, म्हणजे उजेड समोरून उतरतो आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख राहत नाही. जास्त उजळ आलं तर १/१६, कमी पडलं तर १/४. दोन फोटोंत गाडी रुळावर येते, आणि त्या खोलीत तुम्ही आणि माणसं जागच्या जागी असेपर्यंत पुन्हा हात लावावा लागत नाही. टीटीएल फ्लॅश मात्र पांढरी साडी समोर आली की उजेड कमी करतो, काळा कोट आला की वाढवतो. मॅन्युअलचा हा फायदा लोकांना उशिरा कळतो.

लग्नाच्या हॉलमध्ये छत वीस फुटांवर असतं. तिथे आयएसओ १६००, एफ २.८ आणि फ्लॅश १/४ असं धरून बघा. मागचा हॉल काळाकुट्ट येत असेल तर फ्लॅश वाढवू नका, शटर १/६० वर आणा. फ्लॅशचा उजेड अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि ताकद यांवर ठरतो, हॉलच्या दिव्यांचा शटरवरही. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे प्रश्न संपतात. उलट शटर १/२०० किंवा १/२५० च्या पुढे नेलं (कॅमेऱ्यानुसार) की फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो. फ्लॅश लखलखतो त्या क्षणी शटरचे दोन्ही पडदे पूर्ण उघडे नसतात, त्याचा हा पट्टा.

हॉलचे दिवे पिवळे आणि फ्लॅश पांढरा असला की चेहरे निळसर आणि मागचं सगळं केशरी येतं. त्यावर उपाय नारिंगी जिलेटीनचा, म्हणजे पारदर्शक रंगीत कागदाचा, नाटकवाले दिव्यांवर लावतात तसलाच, फक्त छोटा तुकडा. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स टंगस्टनवर ठेवा. जिलेटीन काचेला घट्ट चिकटवून फुल ताकदीवर धडाधड मारलात तर ते वितळतं आणि काचेवर डाग कायमचा राहतो. मध्ये हवा खेळू द्या.

आणि मंडप. गणपतीचा असो की लग्नाचा, वर छत नसून कापड असतं, तेही गुलाबी, भगवं नाहीतर जांभळं. त्याच्यावर बाउन्स केलेला उजेड त्याच रंगाचा होऊन येतो, आणि मग कितीही एडिटिंग करा, त्वचेचा रंग जागेवर येत नाही. इथे टीटी६०० कॅमेऱ्यावरून उतरवून स्टँडवर ठेवायचा, पांढऱ्या छत्रीत. त्याला ट्रिगर लागतो, कॅमेऱ्यावर बसून रेडिओने फ्लॅश पेटवणारा. गोडॉक्सचा एक्स२टी घ्या, आपल्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठीचाच. माझ्या मते ही जोडी म्हणजेच टीटी६०० घेण्याचं खरं कारण. कॅमेऱ्यावर लावलेल्या टीटी६०० ला हायस्पीड सिंक (काळा पट्टा न येता वेगवान शटरवर पेटणं) जमत नाही, रेडिओवर खाली काढला की तोच फ्लॅश १/८००० पर्यंत चालतो. मात्र हायस्पीडमध्ये ताकद बरीच घटते. भर दुपारच्या उन्हात सॉफ्टबॉक्समधून (उजेड मऊ करणाऱ्या कापडी खोक्यातून) एकटा टीटी६०० दोन मीटरच्या आतच काही करू शकतो. दहीहंडीच्या थरांवर खालून उजेड टाकायचा विचार असेल तर सोडून द्या.

ट्रिगर जुळवताना फ्लॅश रेडिओच्या स्लेव्ह मोडवर आणा, मग दोन्हीकडे एकच चॅनल, फ्लॅशवर ग्रुप ए, आणि ट्रिगरवर त्याच ए ग्रुपची ताकद. चॅनल १ वर ठेवू नका. लग्नाच्या हॉलमध्ये दुसऱ्या टीमकडेही गोडॉक्सच असतं आणि तेही १ वरच असतं, मग त्यांच्या फोटोला तुमचा फ्लॅश पेटतो आणि तुमचे सेल संपतात. एक्स२टीमध्ये मोकळं चॅनल शोधायची सोय आहे, ती वापरा. फ्लॅश हाताच्या अंतरावर असूनही मधूनच पेटत नसेल तर ट्रिगरच्या मेन्यूत अंतर ०-३० मीटरवर आणा. लांब पल्ल्याच्या सेटिंगवर अगदी जवळचा फ्लॅश कधीकधी हुकतो.

गणपतीच्या मूर्तीवर समोरून फ्लॅश म्हणजे मुकुटावर आणि सोंडेच्या रंगावर पांढरे चट्टे. स्टँड एका बाजूला ४५ अंशांवर आणि मूर्तीच्या डोळ्यांपेक्षा थोडा उंच ठेवला की घडण दिसते. आरतीच्या वेळी ताकद १/६४ वर आणून नारिंगी जिलेटीन लावा, नाहीतर निरांजनाचा उजेड पार मरतो. मागच्या एलईडी तोरणांमुळे फोटोवर आडवे पट्टे येत असतील तर शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. मरीन ड्राइव्हवर प्री-वेडिंगला छत्री नेणार असाल तर स्टँडला वाळूची पिशवी बांधाच, समुद्राच्या वाऱ्यात छत्रीचं शीड होतं आणि फ्लॅश आधी आपटतो.

सेल चार लागतात, पेन्सिल सेल. भिंतीवरच्या घड्याळातले साधे सेल घालू नका, चार-पाच फुल फ्लॅशनंतर ते दमतात. अल्कलाइनही सुरुवातीला ठीक, पण पुन्हा भरायला वेळ लावतात. व्होल्टेज जास्त छापलेलं असलं तरी एकदम मोठा करंट देणं त्यांना जमत नाही. चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या, एनेलूपसारखे, १.२ व्होल्ट असले तरी. चांगल्या सेलवर फुल ताकदीनंतर साधारण अडीच सेकंदांत फ्लॅश तयार होतो आणि २३० च्या आसपास फुल फ्लॅश निघतात. चार-चारचे संच करून त्यांवर ए, बी लिहून ठेवा. संच मिसळले की एक कमजोर सेल बाकी तिघांना खाली ओढतो. फुल ताकदीवर सलग तीसेक फ्लॅश मारले की उष्णतेचं संरक्षण सुरू होतं आणि फ्लॅश मुद्दाम संथ होतो. तो बिघाड नाही. आयएसओ दुप्पट करा, ताकद निम्मी करा.

मग टीटी६०० कोणी घेऊ नये? वरातीसोबत चालत, क्षणाक्षणाला अंतर बदलत फोटो काढणाऱ्यांनी. तिथे टीटीएल हवाच, आणि दीड सेकंदात भरणारा, एका लिथियम बॅटरीवर ४८० फुल फ्लॅश देणारा व्ही८६० मार्क ३ हवा. गोल डोक्याच्या व्ही१ मध्ये बॅटरी तीच. छतावरून किंवा छत्रीतून आलेल्या उजेडात डोकं गोल होतं की चौकोनी हे कोणाला ओळखता येत नाही, त्यामुळे निव्वळ गोलाईसाठी जास्त पैसे द्यायचं कारण दिसत नाही. पण एकाच जागी बसून काम असेल, साखरपुडा, बारसं, दागिन्यांचे किंवा खाण्याचे फोटो, तर एका व्ही८६०च्या पैशांत, थोडेफार इकडेतिकडे, दोन टीटी६०० आणि एक ट्रिगर येतो. दोन दिव्यांनी जे होतं ते एका महागड्या दिव्याने होत नाही.

चोर बाजारात जुने व्हिविटार २८३ वगैरे दिसतात. मोह आवरा. त्यातल्या जुन्या तुकड्यांच्या पायावर शेकडो व्होल्ट येऊ शकतात, डिजिटल कॅमेऱ्याचं सर्किट त्यात जातं.

बोरा बझारला जाताना आपला कॅमेरा आणि भरलेले चार सेल न्या. दुकानातच फुल ताकदीवर पाच फ्लॅश मारून भरायला किती वेळ लागतो ते मोजा. झूम २० ते २०० फिरवून मोटरचा आवाज ऐका. ट्रिगर लावून फ्लॅश दुकानाच्या दारापर्यंत नेऊन पेटवा, मग १/१००० वर एक फोटो काढून पट्टा येतो का बघा. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. बिलाशिवाय शे-पाचशे कमी होतात, वॉरंटीही तेवढ्यात जाते.

पावसाळ्यात सेल आत ठेवून फ्लॅश कपाटात टाकू नका, गळले की आतल्या पट्ट्या हिरव्या पडतात. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, पायाची पिन अधूनमधून आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, आणि महिन्यातून एकदा सेल घालून पाच-सहा फ्लॅश मारा. आतला कॅपॅसिटर बरेच महिने उपाशी राहिला की पहिल्यांदा भरायला फार वेळ घेतो. उघडून बघायचं मात्र नाही, त्यात तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि सेल काढल्यावरही ते तिथेच असतात.