भोक नसलेली कुंडी आणि फोंड्याचा पाऊस: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मे महिन्यात दोन कुंड्या घेतल्या. एक ऑनलाइन मागवलेली फायबरची, करड्या रंगाची, दोन फूट उंच, लांबून अगदी दगडी वाटावी अशी. दुसरी डिचोलीच्या कुंभाराकडची मातीची, तोंडाला १८ इंच. फायबरवालीची किंमत मातीच्या कुंडीच्या तिप्पट. गोव्यात फोंड्यातल्या आमच्या घराच्या पडवीच्या पायऱ्यांवर दोन बाजूंना दोघी बसवल्या, म्हणजे ऊन, वारा, पाऊस दोघींना सारखाच. आता फेब्रुवारी चालू आहे. विकणाऱ्यांकडचे पाच ताऱ्यांचे अभिप्राय बहुतेक कुंडी घरी आल्याच्या दिवशीच लिहिलेले असतात, म्हणून मी पावसाळा उलटेपर्यंत थांबले.

फायबरच्या कुंडीला तळाला भोकच नव्हतं. जाहिरातीत त्याचा उल्लेख नाही आणि फोटो सगळे बाजूने काढलेले. म्हटलं, तळाला चार बोटं खडी घालू, जास्तीचं पाणी तिथे उतरेल. हा सल्ला लहानपणापासून ऐकत आलेय. सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या. "अगो, तुळशीच्या कुंडीलासुद्धा पाणी जायला वाट ठेवतात," एवढंच म्हणाल्या. मी मनावर घेतलं नाही.

नर्सरीवाल्याने सांगितलेली मांडणी अशी: मधे एक उंच झाड, भोवती भरगच्च काहीतरी, काठावरून एक लोंबणारं. मी मधे क्रोटन, कडेने चिनी गुलाब आणि पुढे मनीप्लांट लावला. मे महिन्यात येणारा-जाणारा थांबून बघायचा. पण एका कुंडीत राहणाऱ्या तिघांची तहान सारखी असावी लागते, हे नर्सरीत कोणी बोलत नाही. चिनी गुलाबाच्या देठातच पाणी असतं, त्याला कडक ऊन आणि कोरडी माती हवी. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तो काळा पडून बसला. जुलैत क्रोटनची पानं गळायला लागली. बुंधा जरा हलवला तर झाड अलगद हातात आलं, मुळं तपकिरी आणि गटारासारखा वास. मनीप्लांट मात्र मजेत. तो बाटलीतल्या पाण्यातही जगतो, त्याचं काय!

खडीने काही होत नाही हे तेव्हा कळलं. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. माती पुरती तुडुंब होईपर्यंत ती ते धरून ठेवते. म्हणजे खडीच्या वर कायम चिखलाचा थर, आणि खडीमुळे तो थर मुळांच्या आणखी जवळ आलेला. कुंडीला भोक असलं तरी हे चुकत नाही. भोक नसलं तर खडीही पाण्याने भरते, मग ती कुंडी कसली, बादलीच. त्यात गोव्यात वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये.

पाऊस जरा उघडला त्या दिवशी आम्ही नवरा-बायकोने मिळून कुंडी आडवी केली. ड्रिलच्या १२ मिलीमीटरच्या बिटाने तळाला चार भोकं पाडली. फायबरमध्ये बिट सहज जातं, पण धूळ भयंकर खाजते. नाकाला रुमाल आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. (मातीच्या कुंडीला भोक पाडायचं तर ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देणारी सोय, बंद ठेवा, नाहीतर तडा जातो.) भोकांवर मंगळुरी कौलाचे तुकडे पालथे घातले आणि कुंडीखाली चिऱ्याचे तीन तुकडे ठेवले, म्हणजे भोकं जमिनीला चिकटून बंद होत नाहीत. खडी अजिबात नाही. पहिल्या वेळी निम्मा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घातला होता, पावसात त्याचा स्पंज झाला. आता दोन घमेली लाल माती, एक घमेलं शेणखत, एक घमेलं विटांचा चुरा, कोकोपीट मूठभर. एका शेजाऱ्यांनी मिरामारच्या समुद्रकिनाऱ्यावरून रेती आणायला सांगितलं होतं. नको! तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुना.

डिचोलीच्या कुंडीने पावसाळा निभावला, कारण भोक मूळचंच आणि बाजूंनीही ओल सुकते. तक्रारी आहेतच. ऑगस्टमध्ये ती शेवाळाने हिरवी झाली, दिवाळीनंतर बाहेरून क्षारांचे पांढरे ओघळ आले, हलवताना काठाचा टवका उडाला. आता तिला रोज पाणी लागतं, फायबरवालीला तिसऱ्या दिवशी. मे महिन्यात चार दिवस गावाला जाणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. पाण्याच्या ताटल्या दोन्हींखालच्या जूनमध्येच काढल्या. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

चतुर्थी झाल्यावर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून अबोलीची रोपं आणली आणि दोन्ही कुंड्यांत लावली. भोकं पाडल्यापासून फायबरच्या कुंडीबद्दल तक्रार नाही. पश्चिमेची बाजू उन्हाने थोडी विटली आहे, तेवढंच. आजच्या घडीला तिला पाचपैकी तीन, मातीच्या कुंडीला चार. सासूबाई मात्र केसांत माळायच्या वळेसरासाठी रोज दोन्हींतली अबोली खुडतात आणि फायबरवालीला अजून "तुझी ती बादली" म्हणतात.