पाच तारांचा बेस, चौदा महिन्यांनंतर

"चार तारा पुरत नाहीत का गं तुला?" पहिल्या तालमीला मी हा पाच तारांचा बेस गिटार बॅगेतून बाहेर काढला तेव्हा आमचे कीबोर्डवाले काका म्हणाले. मागच्या वर्षीचा जून होता. त्यानंतर ऐंशीच्या वर कार्यक्रम झाले, एक अख्खा पावसाळा आणि दुसरा अर्धा पार पडला, एक दिवाळी पहाट झाली. आता काकांना उत्तर देण्याइतका अनुभव जमलाय, म्हणून लिहिते.

आधी वस्तू काय ते सांगते. सेकंड हँड, 32 हजारांना घेतला. स्केल, म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी, 34 इंची; मानेवर (लांब दांड्यावर) 24 फ्रेट, म्हणजे आडव्या धातूच्या काड्या; तारांची कंपनं पकडणारे, गुणगुण टाळणारे दोन हंबकर पिकअप; आत नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, टोन घडवणारा प्रीॲम्प; तारा अडकवतात त्या ब्रिजजवळ दोन तारांमधलं अंतर 17 मिलिमीटर. वजन 4.4 किलो, प्रवासाच्या बॅगा मोजायच्या काट्याला लटकवून मोजलंय. कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीत याच बांध्याचे बेस बऱ्याच जणांचे मिळतात, आणि मी जे सांगणार आहे ते त्यातल्या कुठल्याही बेसला कमीअधिक लागू पडेल.

मी डोंबिवलीत राहते. दिवसा नोकरी, शनिवार-रविवारी ऑर्केस्ट्रा, सीझन असेल तर मधल्या वारीही. लग्नाचे संगीत, सोसायट्यांचे गणपती, नाट्यगृहातले भावगीतांचे कार्यक्रम, अधूनमधून कंपन्यांच्या पार्ट्या. एकदा बारशाचीही सुपारी होती. बाळ पूर्ण वेळ झोपलं होतं, त्यामुळे बेस फार मोठा नव्हता असं मी समजते.

पाच तारी बेस म्हटलं की लोकांना मेटल आठवतं. मला ती पाचवी तार लागली ती गाणाऱ्यांच्या पट्टीमुळे. बेसच्या चार तारा म्हणजे ई, ए, डी, जी. आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. चारही पांढऱ्या! आणि आमच्याकडे गाणारे दादा काळी एक किंवा काळी दोन मागणार, ताई काळी चार किंवा काळी पाच. बोट न दाबता वाजणारी मोकळी तार नावाची चैन आम्हाला जवळजवळ नसतेच. तेही चालतं, हात बसतो. अडतं ते खाली उतरताना. काळी दोनचा षड्ज घ्या. बेसच्या सगळ्यात जाड तारेच्या, म्हणजे मोकळ्या ईच्या, बरोब्बर अर्धा सूर खाली तो बसलाय. काळी चारच्या पट्टीत षड्ज सापडतो, पण त्याखालचा पंचम पुन्हा तीच काळी दोन. अर्ध्या सुराने हुकतो. वर्षानुवर्षं मी तो सूर एक सप्तक वर घेऊन वेळ मारून नेली. गाणं संपताना सगळे खाली उतरतात आणि बेस एकटाच उडी मारून वर जातो, हे प्रेक्षकांना कळत नसेल, पण ढोलकीवाल्याला कळतं आणि तो माझ्याकडे बघतो.

मधल्या काळात ई तार अर्धा सूर उतरवून वाजवायचाही प्रयोग केला. निवेदिका बोलत असतात तेवढ्यात खुंटी पिळायची, पुढच्या गाण्याला परत चढवायची. एकदा निवेदन अपेक्षेपेक्षा लवकर संपलं. पुढचं सांगत नाही.

पाचवी तार म्हणजे खालची बी, पांढरी सात. तिच्या दुसऱ्या फ्रेटवर काळी एक, चौथ्यावर काळी दोन. पण चौदा महिन्यांनी विचाराल तर तिचा खरा उपयोग त्या पाच खालच्या सुरांपुरता नाही. काळी पाचच्या पट्टीत पंचम म्हणजे पांढरी चार; चार तारीवर तो ईच्या पहिल्या फ्रेटवर, जिथे बोटं सगळ्यात जास्त ताणावी लागतात. आता तोच सूर बीच्या सहाव्या फ्रेटवर मिळतो. हात मानेच्या मध्यावर ठेवून अख्खं गाणं निघतं. तीन तासांच्या कार्यक्रमानंतर माझं डावं मनगट पूर्वी ठणकायचं, ते आता क्वचित. गायिका आयत्या वेळी "अर्धी पट्टी खाली घेऊया का?" म्हणाल्या तर नुसता हात सरकवायचा, बोटांचा नकाशा तोच राहतो. या एकाच कारणासाठी मी हा बेस पुन्हा घेईन.

इतिहासात एक गंमत आहे. फेंडर या अमेरिकी कंपनीने 1965 मध्ये पाच तारांचा बेस काढला, पण त्यातली जास्तीची तार खाली नव्हती, वर होती. वरची सी. खालची बी हवी हा हट्ट नंतरच्या वादकांचा. अमेरिकी बेसवादक अँथनी जॅक्सन यांनी 1975 मध्ये सहा तारांचा बेस बनवून घेतला, त्यात ती खालची बी होती. आमच्या काळी दोनची अडचण त्यांना माहीत असण्याचं कारण नाही, पण उपकार आहेत.

आता प्रश्न असा, की खालचा सूर वाजवला तर तो ऐकू येतो का? बीची कंपनं सेकंदाला 31 च्या आसपास, काळी दोनची 39, मोकळ्या ईची 41. सोसायटीच्या गणपतीला दोन बाजूंना दोन पंधरा इंची स्पीकर खांबावर चढवलेले असतात, सब, म्हणजे खालच्या सुरांचा खास स्पीकर, नसतो. असे स्पीकर 45-50 च्या खाली हात टेकतात. मग लोकांना ऐकू येतं ते त्या सुराचं दुप्पट, म्हणजे 39 ऐवजी 78, आणि बाकीचा सूर कान आपणहून भरून काढतो. म्हणून टोनमध्ये खालचं वाढवून काही मिळत नाही, उलट स्पीकर नुसता फडफडतो. मी उलटं करते. बेसचा खालचा नॉब मध्यावर, क्वचित थोडा कमी, आणि मधला बँड थोडा वर. पहिले दोन महिने मी खालचा नॉब पूर्ण फिरवून वाजवत होते आणि घरी हेडफोनवर स्वर्ग वाटत होता. एका सोसायटीत साउंडवाले दादा मध्यंतरात येऊन हळूच म्हणाले, "ताई, तुमचा आवाज वाढवतोय पण सूर कुठला ते कळत नाहीये." त्या एका वाक्याने मला जेवढं शिकवलं तेवढं व्हिडिओ बघून शिकले नव्हते.

नाट्यगृहात चांगला सब असेल तर मात्र गोष्ट वेगळी. शेवटच्या तिहाईनंतर खालच्या षड्जावर उतरलं की खुर्च्या जाणवतात. पण तिथे डग्ग्याशी गाठ असते. भावगीतात तबल्याचा डग्गा घुमतो तो नेमका बेसच्या शेजारी. पाचवी तार मिळाल्याच्या आनंदात मी सगळीकडे खाली वाजवायला लागले होते. तबलजींनी काही म्हटलं नाही, फक्त पुढच्या तालमीत त्यांनी डग्गा दाबूनच वाजवला. समजले. आता ध्रुवपदाला वर राहते, अंतऱ्यात जिथे डग्गा मोकळा असतो तिथे लांब सूर धरते, आणि खाली जाते ते गाण्यात दोनदा, फार तर तीनदा.

ॲम्प नेणं मी याच काळात थांबवलं. पूर्वी पंधरा इंची कॉम्बो, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत, होता, दोघांनी उचलायचा, टेम्पोत घालायचा. रात्री दहाला स्पीकर बंद करायचा नियम आहे, साडेनऊला शेवटचं गाणं, आणि साउंडचेकला जेमतेम दहा मिनिटं. त्यात कॉम्बोसमोर माइक कोण लावणार? सगळीकडे डीआयमधूनच, म्हणजे बेस थेट मिक्सरला जोडणाऱ्या डबीतूनच, लाइन जायची आणि कॉम्बो फक्त माझ्या पोटऱ्यांना ऐकू यायचा. आता तळहाताएवढा प्रीॲम्प डीआय बॅगेच्या खिशात असतो आणि कानात वायरवालं मॉनिटर. गमावलं काय? स्पीकरची हवा कपड्यांना लागते ती भावना. पहिले काही कार्यक्रम मला वाटत होतं, की मी रेडिओवर दुसऱ्याच कुणाला ऐकतेय.

डीआय घेताना दोन गोष्टी बघाच. पहिली, ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे ग्राउंडची जोडणी तोडायचं, बटण. मांडवात कीबोर्डचा ॲडॉप्टर एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या, अर्थिंग रामभरोसे. मग 50 हर्ट्झची गुणगुण सुरू होते. आणि पांढरी पाच, ईच्या तिसऱ्या फ्रेटवरची, 49 ची आहे. म्हणजे ती गुणगुण माझ्या एका सुराच्या मांडीला मांडी लावून बसते, आणि त्या पट्टीतलं गाणं आलं की सूर लहरायला लागतो. हंबकर पिकअप असूनही हे होतं, कारण हा दोष पिकअपचा नसतो, जोडणीचा असतो. लिफ्ट दाबलं की बहुतेक वेळा जातं. दुसरी गोष्ट, डीआय बॅटरीवरही चालायला हवा. मिक्सरकडून केबलमधूनच 48 व्होल्टचा वीजपुरवठा, म्हणजे फँटम, मिळतो हे खरं, पण छोट्या मिक्सरवर एकच बटण सगळ्या चॅनेलना असतं आणि ते दाबायला दादा कचरतात. त्यांचंही बरोबर आहे.

बॅटरीवरून आठवलं. ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या बेसमध्ये केबल घुसवलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते, वाजवा किंवा नका वाजवू. हे मला माहीत होतं. तरी डिसेंबरात एका संगीतला मध्यंतराच्या जेवणात केबल तशीच राहिली, आधीच्या दोन तालमींनाही राहिली असणार, आणि वधूच्या भावांच्या नाचात आवाज आधी फाटला, मग बारीक झाला, मग गेला. माझ्या बेसला पॅसिव्हचं, म्हणजे बॅटरीशिवाय वाजवायचं, बटण नाही. कीबोर्डवाल्या काकांनी एक नजर टाकली आणि डाव्या हाताने बेस उचलला. ते तसंही अनेक वर्षं करत आलेत; बजेट कमी असलं की संयोजक सगळ्यात आधी बेसवाला कापतात, कारण काकांचा डावा हात फुकट मिळतो. त्या दिवशी मात्र तो हात देवासारखा धावून आला. तेव्हापासून जादा बॅटरी बॅगेत आणि महिन्यातून एकदा मीटरने तपासणी. नवीन घेणाऱ्यांनी पॅसिव्हचं बटण असलेलाच घ्यावा, यावर मी अडून बसेन.

प्रवास. बेस बॅगेसकट सव्वा मीटरच्या आसपास. लेडीज डब्यात तो उभा धरावा लागतो आणि दारात उभ्या असलेल्या बायका आधी रागावतात, मग विचारतात. "सतार का?" "नाही मावशी, गिटार." "केवढी मोठी!" ठाण्यापर्यंत ओळख होते. स्कूटरवर पाठीला लावला की डोक्यावर हातभर वर येतो. पार्किंगच्या उतारावर खुंट्या छताला घासून एक चरा पडलाय. जाड फोमची बॅग घ्या, बेस स्वस्त घेतलात तरी.

वजनाबद्दल तक्रार आहे ती वेगळीच. पाचव्या खुंटीमुळे डोकं जड, म्हणून हात सोडला की मान खाली झुकते. उभं वाजवताना रुंद, आतून खरखरीत चामड्याचा पट्टा लावला आणि प्रश्न संपला. भावगीतात आम्ही बसून असतो, तिथे मान सावरण्यात डावा हात अजूनही दमतो. यावर इलाज सापडलेला नाही. मांडीवर ओला रुमाल ठेवून बघितलाय, हसू नका.

सवय व्हायला किती वेळ लागला? तीन महिने. दर वेळी ई समजून बीवर बोट पडायचं. त्याहून त्रास म्हणजे जी बी आपण वाजवत नाही ती आपणहून गुंजत राहते, ढोलकीच्या थापेनेसुद्धा. उजवा अंगठा पिकअपवर न टेकवता तारांवर तरंगत ठेवायची सवय लावली, म्हणजे वर जाताना मागच्या तारा अंगठ्याखाली दबलेल्या राहतात. 17 मिलिमीटरचं अंतर माझ्या हाताला बरं. स्लॅप करणाऱ्या, म्हणजे अंगठ्याने तार ठोकून वाजवणाऱ्या, मित्राला ते दाटीचं वाटलं. आणि क्लिपवाला ट्यूनर बीवर गोंधळतो, आकडा नाचत राहतो. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा हार्मोनिक काढून सुरात लावा, लगेच स्थिर होतो. दिवाळी पहाटेला याचा उपयोग झाला. साडेचारला उघड्या मैदानावर सुरात लावलेला बेस नंतर ऊन आल्यावर उतरला होता.

पावसाळ्यात मान थोडी पुढे वाकते, तारा वर उठतात. दोन्ही जूनमध्ये ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली सळई, पाव फेरा आवळावा लागला. तारा गंजतात. पाच तारांचा संच चारच्यापेक्षा महाग, आणि सुटी बी मिळायची मारामार, म्हणून जुना संच मी फेकत नाही.

चार तारी बेस विकलेला नाही. रेट्रोच्या कार्यक्रमाला, गायक पांढऱ्या पट्टीत गाणार असतील आणि दोन तास उभं राहायचं असेल, तर तोच नेते, 3.8 किलोचा आहे आणि बॅटरी लागत नाही. कॉम्बो मात्र विकायचा आहे. कुणाला हवा असेल तर तिसऱ्या मजल्यावरून स्वतः उतरवून न्यावा लागेल.

गणपतीच्या आधी तारा बदलायच्या आहेत. आत्तापर्यंत बी 130 जाडीची (इंचाच्या हजाराव्या भागात) होती. यावेळी 125 ची लावून बघणार, थोडी ढिली वाटेल, पण नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाच्या आडव्या पट्टीच्या, खाचेत 130 ची अडकल्यासारखी बसते आणि लावताना टक्कन आवाज करून अर्धा सूर उडी मारते. दहा दिवसांच्या सुपाऱ्या झाल्या की कळेल.