सर्जरीची ऑस्की आठ महिने चालवून: टाक्याचं टेबल, कॅथेटरचं टेबल आणि चेकलिस्टच्या मर्यादा

एमबीबीएसच्या फायनल इयरच्या विद्यार्थ्यांची सर्जरीतली कौशल्यं तपासायला दहा टेबलांची ऑस्की (प्रत्येक टेबलावर एक काम, घंटा झाली की पुढचं टेबल, परीक्षक ठरलेल्या चेकलिस्टवर मार्क देतो अशी परीक्षा) आठ महिने चालवली, त्यावरून एक मत पक्कं झालंय: चेकलिस्ट पायऱ्या मोजते, हात मोजत नाही. पायऱ्या पाठ होतात.

पद्धत टाकाऊ आहे असं मात्र नाही. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीहून ती मांडली तेव्हा दुखणं होतं लाँग केसमधल्या, म्हणजे एकच पेशंट पूर्ण तपासून निदान सांगायच्या परीक्षेतल्या, नशिबाचं. एकाच्या वाट्याला सोपा हर्निया, दुसऱ्याच्या वाट्याला न उलगडणारं पोट, आणि वर परीक्षकाचा मूड. सगळ्यांना तेच टेबल, तोच वेळ, तेच निकष, हा फायदा पहिल्याच फेरीत दिसतो. २०१९ च्या बॅचपासून सीबीएमई (कौशल्यांवर आधारित नवा अभ्यासक्रम) लागू झाल्यावर लॉगबुकात, म्हणजे विद्यार्थ्याच्या नोंदवहीत, शिक्षकाने सहीने 'सर्टिफाय' करायची कौशल्यं आली, पण सह्या शेवटच्या आठवड्यात गठ्ठ्याने होत असतील तर त्या वहीवरून हाताबद्दल काहीच कळत नाही. ऑस्कीत निदान कोणीतरी समोर बसून बघतं.

आधी वेळेचं गणित, कारण बहुतेक ठिकाणी घोळ तिथेच होतो. प्रत्येक टेबलाला ५ मिनिटं, बदलायला १, दहा विद्यार्थी, एक फेरी ६० मिनिटांत. पण ५ मिनिटांत नवखा हात तीन टाके धड घालू शकत नाही. दुसऱ्या टाक्याची गाठ चालू असताना घंटा होते. म्हणून टाक्यांना दोन घंटा, म्हणजे सलग दोन पाळ्या, द्याव्यात, समजा चौथा आणि पाचवा क्रमांक, आणि दोन सारखी टेबलं मांडावीत: एक विद्यार्थी 'अ'वर, पुढचा 'ब'वर. फक्त जो पाचव्या क्रमांकापासून सुरू होतो त्याला अर्धं टेबल मिळतं. त्याला पहिली घंटा बसवून ठेवायचं आणि टाके सगळ्यात शेवटी द्यायचे. फेरी ११ घंटांची, म्हणजे ६६ मिनिटांची होते. हे आधी कागदावर मांडलं नाही, तर त्या दिवशी एक विद्यार्थी खुर्ची शोधत फिरतो.

आता टाक्याचं टेबल. सिलिकॉनचा पॅड घेताना आत जाळी आहे ना हे बघा. जाळी नसेल तर गाठ आवळताना दोरा कड कापून बाहेर येतो आणि मार्क विद्यार्थ्याचे जातात. रेक्झिन-फोमचा घरगुती जुगाड गाठींच्या सरावाला ठीक, पण त्याच्या कडा बाहेर वळत नाहीत, त्यामुळे एव्हर्जन (टाका घातल्यावर कडा किंचित बाहेर वळणं) तपासता येत नाही. पॅड टेबलावर घट्ट चिकटवा. घसरणारा पॅड डाव्या हाताने दाबायला लागलं की फोर्सेप्स (कड धरायचा चिमटा) धरणार कोण? प्रत्येक विद्यार्थ्याला नवी चीर द्या. जुन्या भोकांतून सुई आपोआप जाते.

सगळ्यात मोठा चोर म्हणजे झिजलेला नीडल होल्डर, म्हणजे सुई पकडायचं हत्यार. सुई दुसऱ्या खाचेपर्यंत लॉक करून बोटाने फिरवून बघावी. सहज फिरली तर तो होल्डर बाजूला काढा. अशा होल्डरने सुई कातडीत शिरताना वळते, विद्यार्थी मनगट वाकडं करून ती ढकलतो, आणि परीक्षक शेऱ्यात लिहितो 'मनगट फिरवता येत नाही'. बोथट सुईचंही तेच. सरावाला वापरलेली सुई परीक्षेच्या ट्रेमध्ये ठेवूच नये.

मार्कांचं म्हणाल तर 'सुई टोकापासून दोन तृतीयांशावर धरली', 'काटकोनात शिरवली', 'दोन्ही कडांपासून सारखं अंतर', 'चौकोनी गाठ' हे चेकलिस्टवर बसतं. त्याच्या जोडीला टोरांटोच्या ओसॅट्स या सर्जरी-कौशल्याच्या चाचणीतला ग्लोबल तक्ता, म्हणजे एकूण सफाईला मार्क देणारा तक्ता, हवाच. मूळ तक्त्यात सात मुद्दे, प्रत्येकी १ ते ५. पदवीच्या पातळीला तीन पुरतात: ऊतींची काळजी, हत्यारं धरण्याची पद्धत, वाया जाणाऱ्या हालचाली. टूथ्ड (दात असलेल्या) फोर्सेप्सने तीच कड चार वेळा चिमटणारा विद्यार्थी चेकलिस्टवर पूर्ण मार्क घेऊन जातो; इथे तो सापडतो.

कॅथेटरच्या (लघवीची नळी घालायच्या) टेबलावर वेगळंच दुखणं. सगळ्या पायऱ्यांना एकेक मार्क दिला की 'ओळख सांगितली' आणि 'फुगा (नळी मूत्राशयात अडकवून ठेवणारा) कधी फुगवला' यांचं वजन सारखं होतं. पुरुषाच्या मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) नळीतून पाणी दिसलं की लगेच फुगा फुगवणारे पुष्कळ. प्रत्यक्षात तो फुगा मूत्रमार्गात असू शकतो. 'वाय'पर्यंत, म्हणजे नळीला बाहेरच्या टोकाला फाटा फुटतो तिथपर्यंत, कॅथेटर आत, मगच फुगा, ही पायरी चुकली की टेबल नापास, असाच नियम ठेवावा. दुसरी निर्णायक पायरी म्हणजे शेवटी फोरस्किन (शिश्नाच्या टोकावरची, मागे सारलेली कातडी) परत जागेवर आणणं, नाहीतर पॅराफायमोसिस, म्हणजे ती कातडी मागेच अडकून सूज. पुष्कळ मॅनिकिनना फोरस्किनच नसते, म्हणून ती तोंडी विचारावी लागते. फेरीआधी मॅनिकिनची पाण्याची पिशवी भरा. ती रिकामी असली की विद्यार्थी सगळं बरोबर करून वाट बघत उभा राहतो. जेली आत वाळून कॅथेटर अडकतं, त्यामुळे दर दोन-तीन विद्यार्थ्यांनंतर मार्ग धुवायला माणूस लागतो.

हर्निया तपासणीला अभिनय करणारा पेशंट चालत नाही, खराच लागतो. संमती घेतलेले दोन पेशंट आलटून पालटून बसवा. तीस जणांनी रिंग (जांघेतलं, हर्निया जिथून येतो ते तोंड) दाबली की दुखायला लागतं. शिवाय दहाव्या विद्यार्थ्यापर्यंत पेशंट इतका तयार होतो की 'खोका' म्हणायच्या आत खोकतो, आणि कफ इम्पल्स (खोकल्यावर हाताला लागणारा धक्का) मागण्याचा मार्क कोणाला द्यायचा हा प्रश्न उरतो! इथे उभं करून तपासलं का आणि डीप रिंगची (आतल्या तोंडाची) जागा बरोबर धरली का, एवढंच नीट बघावं.

परीक्षकांना फेरीआधी एकच व्हिडिओ दाखवून सगळ्यांनी स्वतंत्र मार्क द्यावेत आणि फरकावर वीस मिनिटं बोलावं. हे टाळलं की सगळे १० पैकी ७ किंवा ८ वर येऊन थांबतात. मध्येच शिकवायला लागणारे परीक्षक एक्स-रे आणि हत्यारं ओळखण्याच्या लेखी टेबलांकडे पाठवलेले बरे.

पासची रेघ सरधोपट ५० टक्क्यांवर ठेवू नका. प्रत्येक विद्यार्थ्याला चेकलिस्टसोबत नापास १, काठावर २, पास ३, उत्तम ४ असा एक अंक द्या, एक्सेलमध्ये हा अंक आणि चेकलिस्टचे मार्क यांना जोडणाऱ्या सरळ रेषेचा स्लोप (चढ) आणि इंटरसेप्ट (सुरुवातीची उंची) काढा आणि २ या अंकाला येणारे चेकलिस्टचे मार्क ही त्या टेबलाची रेघ धरा. तीस जणांच्या बॅचला ती थोडी डळमळते, तरी अवघड टेबल आणि सोपं टेबल एकाच मापाने मोजण्यापेक्षा बरी.

माणसं आणि सामान बघता पूर्ण ऑस्की वर्षातून दोनदाच झेपते. मधल्या काळात टाके आणि कॅथेटर ही दोनच टेबलं स्किल्स लॅबमध्ये कायम मांडून ठेवावीत. लाँग केस मात्र काढू नये: पोटावर हात ठेवून, इतिहास जोडून निदानापर्यंत जाणं पाच मिनिटांच्या कुठल्याच टेबलावर मावत नाही.